समुद्राकाठी नेलेलं पाणी

आईने नागपुरात मनीषनगरातल्या आमच्या घरच्या नळाचं दहा लिटर पाणी कॅनमध्ये भरलं आणि माझं डोकंच फिरलं. दोन गाड्या बदलून समुद्राकाठच्या गावाला जायचं, त्यात हे ओझं!

"आई, पाणी काहून नेऊन राहिली? तिथं भेटत नाही का?"

"तू चूप राह्य वं. त्या गावाले रिकाम्या हातानं कोणी जात नाही."

त्या गावात माझा जन्म झाला. बाबा तिथे रेल्वेत होते. छोटी लाइन समुद्रापाशी येऊन संपायची. विहिरी सगळ्या खाऱ्या, त्यामुळे पिण्याचं पाणी गाडीला टाकी जोडून यायचं. बाहेरून येणारा माणूसही घागरभर पाणी आणायचा आणि ते आधी गल्लीत वाटलं जायचं. मी तीन महिन्यांची असताना हगवणीने पार सुकून गेले, आणि नेमकी तेव्हाच कितीतरी दिवस गाडी आली नाही. शेजारच्या भाभींनी स्वतःच्या दोन मुलांना थांबवून, "पहले बच्ची," म्हणत त्यांच्या घरातलं शेवटचं पाणी मला पाजलं. पुढे बाबांची बदली झाली, मग लाइनही बंद पडली. ते पाणी परत करायचं राहिलं, हे आईच्या मनातून कधी गेलं नाही. भाभी आता आहेत की नाहीत, हेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

पोचलो तर फलाटावर मासळी वाळत होती, रुळांच्या जागी सिमेंटचा रस्ता होता, आणि घरोघर नळ! मला आईची कीव आली, खरं सांगायचं तर लाजही वाटली. "राहू दे तो कॅन रिक्षात," मी म्हटलं. ऐकेल तर ती आई कसली!

भाभी होत्या. पाठीतून वाकलेल्या, दारातच बसल्या होत्या. आईला ओळखायला त्यांना जरा वेळ लागला. मग आईने जुन्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "नागपूर से पानी लाई." आता या हसणार, असं मला वाटलं.

भाभी उठल्या. कॅनला हात लावून तोच हात कपाळाला लावला आणि गल्लीत हाक मारली. एकेका घरातून माणसं वाट्या घेऊन आली. ज्यांनी ती गाडी जन्मात पाहिली नव्हती अशा सुनाही हातातला मोबाइल ठेवून आल्या. कशाला, म्हणून कोणीच विचारलं नाही. भाभी ओतत होत्या, लोक उभ्यानेच पीत होते. ज्या ओझ्यावरून मी वाटभर कटकट केली होती, ते इथे सगळे प्रसादासारखं घेत होते.

शेवटची वाटी उरली. "ये आपका," आई हात जोडून म्हणाली.

भाभींनी वाटी उचलली आणि थेट माझ्या तोंडाशी आणली. "पहले बच्ची."

माझी पन्नाशी उलटलेली, तरी मी तोंड उघडलं.