‘नंतर सांगते’ नावाचं बटण

सुमे, ये, अशी माझ्याजवळ बस बघू. आणि बसलीस की आधी बोलणी खा. फोन केला की तुझा कुकर तरी लागलेला असतो, नाहीतर दळण तरी आणायचं असतं. दोन वाक्यं झाली की “ठेवते हं आक्का.” एवढी घाईची बाई अख्ख्या कराडात दुसरी नसेल. मी थोरली जाऊ, मला रागवायचा हक्क आहे, म्हणून आता लिहूनच काढते. मधेच ठेवून तर दाखव.

निघाले तो दिवस आठवतो का गं? कराडच्या स्टँडवर तू रडली नाहीस, कंडक्टरशी भांडलीस. माझी लोकरीची पिशवी डिकीत टाकू देईनास. “सुया आहेत त्यात, वाकल्या तर तुम्ही भरून देणार का?” म्हणालीस. मग गाडी हलली तशी खिडकीबरोबर चालत म्हणालीस, “थंडी सरली की परत यायचं. खोली तुझीच आहे.” मी मान हलवली. ह्यांच्या माघारी श्रीकांत एकटं राहू देईना, म्हणून लेकाकडे इंदूरला एक हिवाळा काढायचा, एवढंच तर ठरलं होतं.

इथे आले तर दिवस खायला उठायचा. श्रीकांत सकाळीच जवळच्या राऊ गावातल्या कॉलेजात शिकवायला जायचा आणि मुक्ता लॅपटॉपला डोळे लावून बसायची. माझ्या सुनेने नोकरी सोडली होती हे तुला ठाऊक आहे, पण कशासाठी ते मलाही इथे येऊन कळलं. ज्यांनी जन्मात सुई धरली नाही त्यांना विणकाम शिकवणारं ॲप ती एकटी करत होती. संक्रांतीपर्यंत बघायचं, असं नवराबायकोचं ठरलेलं. लोक शिकले तर इथेच राहायचं. नाहीतर बंगलोरची नोकरी तयार होती. मग ती तिकडे, श्रीकांत इथे आणि मी कराडला. आपल्याकडे एका ताटात जेवलेली माणसं, सुमे, आणि इथे तिघांची तीन गावं होणार.

एक दिवस मला विणताना बघून मुक्ता म्हणाली, “आई, तुमचं शूटिंग करू?” मी चांगली महेश्वरी नेसले, अंबाडा घातला, कानातल्या कुड्यासुद्धा बदलल्या. बाईसाहेबांनी फोन माझ्या खांद्यावरून असा लावला की दिसले फक्त दोन हात! मी रुसले. पण बरोबर तिचंच होतं. आपण सगळ्या आपापल्या आईच्या बाजूला बसूनच शिकलो की. माझी आई म्हणायची, “माझं तोंड काय बघतेस, हात बघ.” तेव्हा उंबऱ्याशी आईचा गुडघा टोचायचा, आता स्टँडवरचा मोबाइल खांद्याला टोचतो.

ॲपमध्ये पहिला धडा मफलरचा होता. मी म्हटलं, अगं, इंदूरची थंडी ती केवढी, मफलर पुरा होईतो कैऱ्या येतील. त्यापेक्षा बाळाचं टोपडं घे. छोटं काम, लवकर हातावेगळं होतं, आणि कोणा ना कोणाच्या घरी बाळ येणारच असतं. मुक्ताला ते इतकं पटलं की तिने सगळं नव्याने केलं. ॲप उघडलं की पहिला प्रश्न यायचा, बाळ कधी येणार? तारीख टाका. तारीख टाकली की रोज किती ओळी विणायच्या ते ॲप सांगणार. मी पाहिलं आणि “वा, छान” म्हटलं.

मग सुदामा नगरातल्या आमच्या गल्लीतल्या बायकांना टेस्टिंगला दिलं. सगळ्या अगदी हौसेने ‘हो हो’ म्हणाल्या, पण एकीनेही पहिला टाका घातला नाही. एकीचा चष्मा सापडत नव्हता, एकीच्या घरी पाहुणे. शेजारच्या जाधववहिनी म्हणाल्या, “ताई, नेटच नव्हतं चालत, क्या करूं!” मुक्ताला स्क्रीनवर दिसत होतं, प्रत्येक बाई तारखेपाशी येऊन परत फिरलेली. जेवताना श्रीकांतला एवढंच म्हणाली, “बंगलोरला हो कळवून टाकते.” माझा घास तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी सरळ जाधववहिनींच्या गच्चीवर गेले. त्यांचं घराणं संस्थानच्या काळापासून इंदूरचं. मराठी बोलतात, पण वाक्य हिंदीत कधी उतरेल ते त्यांनाही कळत नाही. पापड उलटवत होत्या. म्हटलं, “वहिनी, खरं सांगा. नेट काल भजनाच्या वेळी तर धावत होतं.” त्या आधी हसल्या, मग जिन्याकडे बघून हळूच म्हणाल्या, “ताई, बुरा मत मानना. माझ्या पिंकीला अभी पाचवाच लागला आहे. तिच्या सासरी पण सगळ्यांना नाही सांगितलं. और मैं मोबाइलला सांगू? वो भी तारीख टाकून?”

सुमे, मी कपाळावर हात मारला! तुझ्या प्रदीपच्या वेळी मी पदराखाली विणायचे, आणि कोणी विचारलं तर “काही नाही, हात रिकामे होते” म्हणायचे, आठवतं? आपल्या सासूबाई काय म्हणायच्या? “कोणासाठी म्हणून विचारायचं नसतं. सुया चालू दिसल्या की आपण समजायचं.” हे सगळं मला पाठ, आणि तरी त्या प्रश्नाला मी “छान” म्हटलं! मोबाइलची दुनियाच वेगळी, तिथे कसली दृष्ट लागते, असं वाटलं असेल.

घरी येऊन सांगितलं तर मुक्ता आधी बघतच राहिली, आणि मग जी हसत सुटली! पण लगेच म्हणाली, “आई, काहीतरी विचारावं लागेल. माप कसं कळणार?” मी म्हटलं, “विचार की, कोणासाठी विणताय? सांगायचं असेल ती सांगेल.” “आणि नसेल तिच्यासाठी स्किप लिहू?” मी म्हटलं, “छे! स्किप म्हणजे टाळलं. आपण कुठे टाळतोय? लिही, नंतर सांगते.”

तेच बटण झालं. ते दाबलं की ॲप पुढे काही विचारत नाही, गुपचूप तान्ह्या बाळाच्या मापाचं टोपडं काढून देतं.

झालं! गल्लीत सुया खडखडायला लागल्या. सगळ्यांनी तेच बटण दाबलं. कोपऱ्यावरच्या जोशीकाकांनीसुद्धा, ज्यांच्या घरी अजून कोणाचं लग्नही ठरलेलं नाही. जाधववहिनींचे टाके गळायचे, “ताई, फंदा गिर गया!” म्हणून त्या भिंतीवरून ओरडायच्या. पण मी गेले नाही हं, म्हटलं, ॲपला विचारा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी टोपडं आणून माझ्या हातात ठेवलं. नारळालाच बसेल असं उभट, एक कान वर, एक खाली. “देखो, मी बनवलं! मैंने!” म्हणाल्या आणि रडल्याच. मुक्ता तिळगूळ वाटता वाटता थांबली, आत गेली आणि बंगलोरला ‘नाही’ कळवून आली. श्रीकांतने तेव्हा खाल्लेले लाडू मी मोजले नाहीत.

म्हणून सांगते, खोली आता अडवून ठेवू नकोस. प्रदीपच्या मुलीला अभ्यासाला दे. मी कराडची राहिले नाही असं नको समजूस. तिथे तू होतीस, मी न बोलता कळायचं. मला वाटायचं, असं माणूस एकाच गावात मिळतं. तर इथे सुनेला कळतं, शेजारणीला कळतं. आता घर म्हटलं की डोळ्यांपुढे दोन गावं येतात, आणि मला त्यात काही अडचण वाटत नाही.

फक्त तू इथे हवीस. पुण्याहून गाडीत बस, श्रीकांत उतरवून घ्यायला येईल. जाधववहिनी रोज विचारतात, “आपली सुमन कब येणार?” तुला बघितलंही नाही, आणि आपली म्हणतात. मी त्यांना छातीठोक सांगून बसलेय, याच महिन्यात. मला खोटं पाडू नकोस गं, लवकर ये.