माया नसलेली बेलबॉटम

बेलबॉटम पँट परत येणार, असं शिंपीमास्तर चाळीस वर्षं छातीठोकपणे सांगत होते. यंदा ती खरंच आली. मास्तरांनी ट्रंकेच्या तळातून विशीत स्वतः शिवलेली पँट काढून तोऱ्यात चढवली. खाली मोहरीत दोन मांजरं मावली असती, पण कमरेला बटणाची आणि काजाची काही केल्या गाठ पडेना.

"त्यात काय, माया उसवू," म्हणत त्यांनी कात्री घेतली. पुढेमागे सैल करायला शिवणीत राखलेलं जादा कापड म्हणजे माया. गिऱ्हाइकांच्या कपड्यांत ते ती दोन बोटं हमखास ठेवत. इथे सूतभरही नव्हती.

"कुठल्या गाढवानं शिवलीय ही?" मास्तर करवादले.

शेजारी बटणं लावत बसलेल्या बायकोनं मानही वर केली नाही. "होता एक विशीतला. म्हणायचा, माया म्हाताऱ्यांच्या पँटीत ठेवायची असते."