कन्नडचा पेपर आणि लांडग्याचा वाटा

सातवीची परीक्षा झाली आणि माझं लग्न झालं. त्यानंतर मुलं, विड्या, शेळ्या, सासूबाईंचं दुखणं आणि पुन्हा विड्या. आमच्या निपाणी भागात बाईच्या मांडीवर मूल नसलं की विडीचं सूप असतं. मुलगा बेळगावला नोकरीला लागून काकतीच्या बाजूला राहायला गेला, मुलगी सासरी गेली, सासूबाई गेल्या, आणि एक दिवस मांडीवरचं सूप खाली ठेवून मी म्हटलं, मला दहावी करायची आहे.

गल्लीत दोन दिवस चर्चेला दुसरा विषय नव्हता. 'गवऱ्या मसणात गेल्या आणि ही पाटी घेऊन निघाली,' असं एक म्हातारी मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. मी म्हटलं, गवऱ्या अजून ओल्या हायत मावशी, वाळंपातुर दहावी हुतीया माझी. तोंडाच्या बाबतीत मी कुणाला हार गेलेली नाही. मालक ट्रकवर असायचे, त्यांनी फोनवरच सांगितलं, 'कर की, तुला कोण अडवतंय?' मला अडवायची त्यांची कधीच प्राज्ञा नव्हती, पण ते असं बोलले याचं मला फार बरं वाटलं.

निपाणीत एक निवृत्त गुरुजी दर रविवारी बाहेरून बसणाऱ्यांचा वर्ग घ्यायचे, तेही फुकट. पहिल्या झटक्यात मी सगळे विषय काढले, गणितसुद्धा. राहिला फक्त कन्नडचा पेपर. माझं माहेर कोगनोळीच्या नाक्यापलीकडं, महाराष्ट्रात. तिकडच्या शाळेत कन्नड नव्हतं. सासर नाक्याच्या अलीकडं, कर्नाटकात. इथं मराठी शाळेतल्या पोरांनाही कन्नडचा पेपर असतोच. बाजारापुरतं 'एष्टु' आणि 'बेड' एवढ्यावर माझा संसार निभावला होता. पण कितीला आणि नको एवढ्या दोन शब्दांवर कोण पास करणार?

माझ्या या रविवारच्या शाळेचा भार खरा वाहिला तो माझ्या धाकट्या जावेनं. आमची घरं शेजारी, दोघींच्या शेळ्या एकत्रच माळाला चरायच्या. इतर दिवशी मी न्यायचे, रविवारी ती. 'तुमी साळंत जावा आक्का, मी हाय,' असं ती म्हणायची. लगेच पुढं 'काय दिवं लावतासा बघू' हेही म्हणायची. ती माझ्यावर माया करते आणि ती झाकायला चार टोमणे मारते, हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्या हिवाळ्यात माळावर लांडगा आला. आधी एका रविवारी त्यानं जावेची गाभण शेळी नेली. मग पुढच्या शनिवारी, गुरुजींनी जादा वर्ग ठेवला होता तेव्हा, माझं करडू धरलं. जावेनं दगड मारून ओरडून ते सोडवलं, पण तोवर त्याचा जीव गेला होता. मी निपाणीहून घरी आले तर ती उंबऱ्यावर बसली होती. करडू अंगणात पडलं होतं.

'आक्का, तुमी शाळंत बसतासा आन मी एकटी लांडग्याम्होरं उभी ऱ्हातो व्हय?' ती म्हणाली. 'त्येचा बंदोबस्त झाल्याबिगार मी ऐतवारी माळाला जात न्हाय. लई झालं.'

तिचं काही चुकलं नव्हतं. पण ती गेली नाही तर मला जावं लागणार, मी माळाला गेले तर रविवारचा वर्ग बुडणार, आणि वर्ग बुडाला तर कन्नडचा पेपर मला काही जन्मात सुटणार नव्हता. परीक्षा शिमग्यानंतर होती. लांडगा तरी मरायला हवा होता, नाहीतर माझी दहावी.

संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर माणसं जमली. माझे दीर, जावेचे मालक, म्हणाले, मेलेल्या करडात औषध घालून माळावर टाकू. आमच्याकडं पिकावर मारायच्या विषाला औषधच म्हणतात.

'लांडगा मारल्यालं कळलं तर हिंडलग्याची भाकरी खावी लागंल,' कुणीतरी म्हणालं. बेळगावचं मोठं जेल हिंडलग्याला आहे, त्यामुळं आमच्याकडं गुन्ह्याची बात निघाली की गाडी हिंडलग्यावरच थांबते.

'कळंल कसं? लांडगा काय तक्रार द्यायला जातोय व्हय?' दीर म्हणाले.

सगळे हसले, मीही हसले. माझा जीव त्या करडासाठी जळत होता आणि लांडगा मेलेला मला हवाच होता. मी म्हटलं, घाला.

दीर तसे जबाबदार. दुसऱ्या दिवशी, रविवारी पहाटे विष घालायचं, शेळ्या घरीच बांधायच्या, म्हणून त्यांनी त्याच रात्री गावात घरोघर फिरून कुत्री बांधायला सांगितलं. एक घर सोडलं नाही. पण गावाबाहेरून कुणी येईल हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. दरवर्षी माझ्या रानात धनगर बकरी, म्हणजे मेंढरं, बसवतात. पीक निघालं की त्यांचा कळप काही दिवस रानात मुक्कामाला असतो; रानाला खत मिळतं आणि आम्ही त्यांना जोंधळा देतो. गोकाककडची कन्नड माणसं ती. नेहमी शिवरात्रीनंतर येतात. यंदा आधी आली.

मी त्या रविवारी गुरुजींच्या वर्गातून वडापच्या जीपनं परतत होते. हायवेच्या कडेनं बकऱ्यांचा लोंढा चाललेला दिसला. पुढं तीन कुत्री मोकळी, माना वर करून वास घेत माळाकडं निघालेली. मागं डोक्यावर बोचकं घेतलेली माझी मैत्रीण, कळपवाल्या धनगराची बायको. आम्ही दोघी एकमेकींना अक्का म्हणायचो, दोघींनाही दुसरीच थोरली वाटायची. जीपवाल्याला थांबवून मी उतरले आणि दुखऱ्या गुडघ्यांसकट पळत सुटले.

तिला मराठी तोडकंमोडकं येतं. पण घाबरलेल्या माणसाला आपलीच भाषा सुचत नाही, आणि मला तर त्या घडीला कन्नडच आठवलं. मी लांबूनच ओरडले, 'नायी कट्री! अल्ली विष ऐती!' कुत्री बांधा, तिथं विष आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून कन्नडची दोन वाक्यं सरळ बाहेर पडली होती.

तिनं शीळ घातली. दोन कुत्री मागं फिरली. तिसरं ओढ्यापर्यंत गेलं होतं, त्याच्यामागं तिचा नवरा धावला आणि त्यानं मानगूट धरून आणलं. कासऱ्यानं तिन्ही बांधली. मग मैत्रीण माझ्यावर अशी बरसली की सांगायची सोय नाही. त्यातलं मला समजलं ते एवढं: लांडगा आम्हालाही सतावतो, आम्हीही दगड मारतो, कुत्री सोडतो, शिव्या घालतो. एवढं करूनही जे तो नेतो तो त्याचा वाटा. पण विष काय बघून मारतं का? आणि विष टाकलेल्या जागेजवळ आमचा कळप बसत नाही. नवरा बकरी वळवायलाच निघाला होता. मी हात जोडले आणि म्हटलं, उचलते, जरा थांबा.

मैत्रीण बांधलेली कुत्री घेऊन माझ्याबरोबर अंगणात आली, पण दीर ऐकेनात. 'वैनी, पहाटं घातलंय आन दुपारी काढा म्हणतासा? मग लांडग्याचं काय करायचं? शाळा तुमची, शेळ्या तुमच्या!' मी जावेकडं बघितलं. खरं तर सगळ्यांत जास्त बोलायचा हक्क तिचा होता, दोनदा तीच लांडग्यासमोर उभी राहिली होती. जावेनं त्या बांधलेल्या कुत्र्यांकडं बघितलं, कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि चालू लागली.

'ह्यांची कुत्री मेली असती तर कुठल्या तोंडानं भाकरी खाल्ली असती?' ती जाता जाता नवऱ्याला म्हणाली.

दीरही मागोमाग आले. माळावर आम्ही खोल खड्डा काढून ते करडू पुरलं, वर दगड रचले, बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या. खणताना जाऊ सारखी बडबडत होती. लांडग्याला शिव्या, धनगरांना शिव्या, कन्नडला शिव्या, आणि मधूनमधून मला. एवढ्या प्रेमळ शिव्या मी माहेरीही खाल्ल्या नाहीत.

बकरी माझ्या रानात बसली. आमच्या शेळ्याही रात्री त्यांच्याबरोबर वाघरीत, म्हणजे त्यांच्या जाळ्याच्या कुंपणात. दिवसाही त्यांच्याच कळपात चरायच्या, भोवती ती तीन कुत्री. त्या मुक्कामात आमची एकही शेळी गेली नाही. धनगरांचं एक कोकरू मात्र गेलं. मैत्रीण पुन्हा लोकर विंचरायला लागली.

रोज दुपारी मी पुस्तक घेऊन तिच्याकडं जायचे. तिला वाचता येत नव्हतं. ती माझे उच्चार सुधारत बसायची नाही. तिला फक्त गोष्ट हवी असायची. मी धडा वाचायचे, अडायचे, आणि ती म्हणायची, 'मुंद एनातु?' पुढं काय झालं? मग मला पुढं वाचावंच लागायचं, आणि जिथं वाचून कळायचं नाही तिथं माझ्या मोडक्या कन्नडात सांगावं लागायचं. कवितेला ती खुशाल झोपून जायची. तिला पुढं काय झालं हे ऐकायची घाई नसती तर मी आजही नापासच असते.

मुक्काम हलवताना तिनं जावेच्या ओटीत कुत्रीचं एक पिल्लू घातलं. काळं, गुबगुबीत, शेळीनं नुसतं शिंग रोखलं तरी जावेच्या पदराआड लपणारं. 'हे काय राखणार?' मी म्हटलं. 'मोठं हुईल की,' जाऊ म्हणाली, आणि पुढच्या रविवारी कुरकुर न करता शेळ्या घेऊन गेली.

पेपरच्या दिवशी तिनं माझ्या हातावर दही घातलं. 'नीट ल्ह्या,' म्हणाली. मी निपाणीला गेले. लिहिता लिहिता एका उत्तराला अडले, तेव्हा मनात 'मुंद एनातु' ऐकू आलं आणि पुढचं सुचलं. संध्याकाळी परत आले तर जाऊ दारात उभी. मी विचारलं, शेळ्या? 'आल्या की समद्या. पेपर कसा गेला ते सांगा.' पांढरं करडू दिसेना, म्हणून विचारलं तर म्हणाली, भाऊ आलता, म्हायारला धाडलं. मला पेपरचं सांगायची घाई होती, मी पुढं काही विचारलं नाही.

निकाल लागला. कसेबसे का होईना, पास झाले. मुलानं फोनवरून सांगितलं आणि मी अंगणात उभ्या उभ्या रडले. मैत्रिणीला फोन लावून कन्नडात सांगितलं, तिनं तिकडून आरोळी ठोकली. मग साखर घेऊन जावेकडं गेले. ती शेळी पिळत होती. हात पुसून तिनं साखर तोंडात टाकली आणि म्हणाली, 'आता सांगतो. ते पांढरं करडू म्हायारला न्हाय गेलं. तुमच्या पेपरदिशीच लांडगा आलता.'

मी साखरेची वाटी खाली ठेवली.

'मी लई वरडलो. दगूड मारला. पिल्लू माझ्याच पायात. न्हेलं त्येनं. म्हटलं, आत्ता ह्यास्नी सांगितलं तर नापास झाल्यावर ह्या पुन्यांदा बसायच्या न्हाईत. माझ्यापायी शाळा सोडत्याल.'

'आणि दीर? त्यांना सांगितलं नाहीस?'

'सांगितलं असतं तर पुन्यांदा औषध घातलं असतं की त्येंनी.' तिनं चरवी बाजूला ठेवली. 'धनगरीण म्हनती तसं, गेला त्येचा वाटा.'

उन्हाळाभर ती हे पोटात ठेवून, माझा वर्ग संपला तरी, दर रविवारी त्याच माळाला जात राहिली होती. मी तिचा हात हातात घेतला, दुधानं ओला होता तो.

'मग गं?' मी विचारलं. 'करडू नेलं, मग पुढं काय झालं?'

'पुढं काय व्हायचं?' ती म्हणाली. 'तुमी पास झालासा न्हवं.'