सुधारलेला टाका

मैत्रिणींनो, दुपारपासून कशातच जीव लागत नाहीये.

विणकामाच्या ग्रुपवर आज 'जुनं खानदेशी टोपडं, सुधारित नमुना' विकायला आलेला दिसला. फोटो बघताच ओळखलं. चोपड्याची माझी मावशी हेच विणायची, तिच्या आजीकडून शिकलेलं. जाण्याआधी अर्ध्या गावाला फुकट शिकवून गेली.

विकणाऱ्या बाईंना मेसेज केला. त्यांचं उत्तर आलं, "जुन्या नमुन्यावर कुणाचा हक्क नसतो ताई. शिवाय कानामागे एक टाका चुकलेला होता, तो मी दुरुस्त केलाय."

बाळाला नजर लागू नये म्हणून तो टाका मावशी मुद्दाम चुकवायची. म्हणायची, "चूक नही शे माय, तीट शे."

हक्क कुणाचाच नाही ना? मग ती तीट पुसायचा हक्क या बाईंना कुणी दिला?