हजेरीपटातली सरळ ओळ

माझ्या सेवापुस्तकात एकच तांबडा शेरा आहे. बाकी सगळी नोकरी स्वच्छ. निवृत्तीच्या वेळी कागदपत्रं तपासणाऱ्या कारकुनाने त्या शेऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "बाई, तुमच्यासारख्या शिस्तीच्या बाईंना हे कसं काय?" तेव्हा मी काहीतरी बोलून विषय टाळला. आता सांगते.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर आमची दोन शिक्षकी शाळा होती, चौथीपर्यंतची. मुख्याध्यापक गुरुजी आणि मी. मी नाशिकहून रोज ये-जा करायचे. पेठ नाक्यावरून सकाळची एसटी, मग घाट, मग फाट्यावरून अर्ध्या तासाची पायपीट. नवरा ओझरच्या विमान कारखान्यात होता, त्याची बस त्याला दारातून न्यायची आणि दारात आणून सोडायची. ह्यावरून आमची भांडणं व्हायची, पण नोकरी सोडावी असं मला एकदाही वाटलं नाही. मला माझ्या हजेरीपटाचा फार अभिमान होता. मुलगा हजर असेल तर उभी रेघ, नसेल तर 'गै'. खाडाखोड नाही, डाग नाही. दुसऱ्या शाळांतले शिक्षक महिनाअखेरीला एका बैठकीत अख्खा पट भरायचे, आणि मी त्यांना तोंडावर बोलायचे. माझी जीभ तिखट होती, अजूनही आहे.

त्या काळात शाळेतून तांदूळ मिळायचा. महिन्यात ऐंशी टक्के हजेरी असेल त्या मुलाला तीन किलो. आणि पाडा दिवाळी झाली की रिकामा व्हायचा. भात-नागलीची कापणी उरकली की माणसं पोराबाळांसकट दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या बागांवर जायची, ती होळीला परत. माझ्या पटावर त्या चार महिन्यांत 'गै' 'गै' 'गै' अशा रांगा लागायच्या. मी त्या प्रामाणिकपणे भरायचे. गेलेल्यांचा तांदूळ बंद. नियम म्हणजे नियम.

एकाच नावासाठी मी नियम मोडला.

ती पहिलीत होती. आईबाप तिला बरोबर न्यायचे, कारण बागेत तान्ह्या भावाला सांभाळायला कोणीतरी हवं. घरी मागे राहायचा तिचा आजा. त्याला दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसायचं. त्या वर्षी तांदूळवाटपाच्या दिवशी तो काठी टेकत शाळेत आला, पिशवी पुढे धरून ओट्याशी उभा राहिला.

"बाई, पोर नाय. तिच्या वाटंचं भेटंल का?"

मी नाही म्हणाले. तो रागावला नाही. पिशवीची नीट घडी केली, कमरेला खोचली आणि चाचपडत ओटा उतरायला लागला. मला ते बघवलं नाही. मी त्याला परत बोलावलं, तीन किलो मोजून दिले, वहीवर अंगठा घेतला. मग पट उघडला. तिच्या नावापुढचे 'गै' पेन्सिलीचेच होते, अजून शाईने पक्के केले नव्हते; ते पुसून तिथे शाईच्या रेघा मारल्या. सरळ, एकसारख्या, माझ्या नेहमीच्या हाताने. पहिली, दुसरी, तिसरी अशी तीन वर्षं, दिवाळी ते होळी, मी त्या रेघा मारत राहिले. महिनाअखेरीला गुरुजी न बघता सही करायचे. ह्यात पाप आहे असं मला वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मनातून बरंच वाटत होतं.

ती चौथीत आली त्या वर्षी फर्मान निघालं की शिक्षकांनी संगणकाचा कोर्स करायचा, नाहीतर वेतनवाढ रोखणार. माझी चाळिशी उलटलेली. शनिवारची सकाळची शाळा सुटली की एसटीने नाशिक गाठायचं आणि शालिमारजवळ एका जिन्यावरच्या वर्गात जाऊन बसायचं. नवरा म्हणाला, "आमच्याकडे त्याच्यावर विमानं बनवतात, तू काय बनवणार?" मी म्हटलं, "स्वयंपाक तू बनव."

शिकवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या होत्या, पूर्वी बँकेत नोकरी केलेल्या. मी पहिल्या दिवशी त्यांनी दिलेले आकडे चौकटींत भरले, मनातल्या मनात बेरीज केली आणि खाली उत्तर टाईप केलं. उत्तर बरोबर होतं. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "बेरीज तुम्हीच करायची तर हे यंत्र काय पुजायला ठेवलंय?" वर्ग हसला. पंचवीस वर्षं दुसऱ्यांना वर्गात उभं करणारी मी त्या दिवशी कान लाल होऊन बसले. पण ईर्षेला पेटले. पुढच्या शनिवारी तीन वर्षांचे हजेरीपट पिशवीत घालून नेले आणि सरावाला तेच भरायला घेतले. एका मुलाला एक आडवी ओळ, एका दिवसाला एक चौकट. किती हजर, किती गैरहजर, टक्के किती, हे एका ओळीत सूत्र लिहून खाली ओढलं की सगळ्यांना लागू. पहिल्यांदा ते आकडे आपसूक भरत गेले तेव्हा मी चक्क टाळी वाजवली.

मग त्या बाईंनी आलेख काढायला शिकवलं. आमच्या शाळेची रेघ दिवाळीपर्यंत सपाट चालली आणि तिथून धाडकन खाली आली, होळीला पुन्हा वर. तीन वर्षं, तीन खड्डे. जे मी इतकी वर्षं रिकाम्या वर्गात बसून बघत होते, ते एका कागदावर कोणालाही दिसेल असं मांडलेलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे तुमच्या साहेबांना दाखवा."

दाखवलं. दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे आमचे केंद्रप्रमुख होते, त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. त्यांनी कागद दोनदा बघितला आणि म्हणाले, "बाई, योग्य वेळी आणलंत." त्या वर्षी हंगामी वसतिगृहं सुरू होणार होती. आईबाप बागांवर गेले तरी मुलांनी गावातच राहायचं, शाळेत झोपायचं, पाड्यातल्याच एका बाईने दोन वेळचं रांधायचं. "तुमच्याच पाड्यावर करू," साहेब म्हणाले. "यादी तुम्हीच काढा. गेल्या तीन वर्षांत ह्या चार महिन्यांत ज्यांची हजेरी निम्म्याहून कमी, तेवढीच नावं. मूळ पटाशी ताडून मी सही करतो."

मी तिच्या घरी जाऊन आधीच सांगून आले होते. भाऊ आता मोठा झाला होता, त्याला सांभाळायची गरज उरली नव्हती. मात्र यंदा मुकादम तिलाच कामावर घेईन म्हणत होता. बाप म्हणाला, "जेवनाची सोय होत आसंल तर ठेवतो. तिलाबी शाळाच आवडती." ती दाराआडून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना सांगून मोकळी झाली की ती ह्या साली जाणार नाही.

पुढच्या शनिवारी मी गाळणी लावली. निम्म्याहून कमी, एवढंच त्या यंत्राला सांगितलं. बावीस नावं आली. मी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. तिचं नाव नव्हतं.

वाटलं, माझंच काही चुकलं. गाळणी काढली, तिची ओळ शोधली. तीन वर्षं, सगळे महिने, नव्वदच्या पुढे. शाळेत सगळ्यात चांगली हजेरी तिची होती. बाई मागून म्हणाल्या, "सूत्र बरोबर आहे हो. भरलंय तेच दाखवणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" त्या सहज बोलल्या होत्या.

मी तिथेच बसून तिच्या चौकटींत 'गै' भरत गेले. दोन बोटं दुखेपर्यंत. तेविसावं नाव यादीत आलं. पण पट माझ्या मांडीवर उघडा होता, त्यात शाईच्या रेघा होत्या, आणि साहेब मूळ पट बघणार होते. तांदळाच्या वहीत म्हाताऱ्याचे अंगठे होते.

सोमवारी गुरुजींना सगळं सांगितलं. त्यांना निवृत्तीला दीड वर्ष होतं. "सह्या माझ्या आहेत, बाई," ते म्हणाले. "पेन्शन अडकली तर मी कुठे जाऊ? आणि तुम्हाला निलंबित करतील. एका पोरीपायी दोन घरं बसतील." मी त्यांच्यावर चिडले नाही. चिडायला मला जागाच नव्हती, कारण त्यांनी नको म्हणताच मला हायसं वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं. पुढच्या शनिवारी वर्गात जाऊन मी सगळे 'गै' पुसले आणि रेघा पुन्हा भरल्या.

तरी साहेबांना एकदा म्हणून बघितलं, "एक नाव राहिलंय." त्यांनी तिची ओळ बघितली आणि हसले. "अहो, ब्याण्णव टक्के! हिला वसतिगृह कशाला? हिचा सत्कार करायला हवा."

शाळेच्या पटांगणात साहेबांनी यादी वाचून दाखवली. नाव पुकारलं की घरचं माणूस पुढे यायचं, अंगठा द्यायचं. बावीस झाली. आजा शेवटपर्यंत कान लावून बसला होता. सगळे गेल्यावर तो माझ्याकडे आला, आणि मी त्याला खरं ते सांगितलं, की तांदळासाठी पोर हजर दाखवली म्हणून तिचं नाव आलं नाही.

दिवाळीच्या आदल्या दिवशी तो पुन्हा आला. बरोबर त्याचा मुलगा, म्हणजे तिचा बाप होता, त्याच्या डोक्यावर गोणी. त्याने ती ओट्यावर ठेवली. नव्या भाताचा तांदूळ होता.

"तीन सालांचं जेवढं खाल्लं तेवढं हाय, बाई," आजा म्हणाला. "मापून घ्या. आन पोरीचं नाव लिवा."

असं परत घेता येत नाही, हे त्याला समजावताना माझा आवाज चढला. मी त्या जवळजवळ आंधळ्या म्हाताऱ्यावर ओरडले. मग मुलाने गोणी उचलली आणि दोघं गेले. दिवाळी झाली आणि ती आईबापांबरोबर बागेवर गेली.

त्या हिवाळ्यात बावीस मुलं शाळेत होती. संध्याकाळी चूल पेटायची, पाढ्यांचा आवाज यायचा. माझं कौतुक झालं, दुसऱ्या शाळांचे शिक्षक शनिवारच्या वर्गात माझी पद्धत बघायला आले. ते समोर असले की मी तिची ओळ पडद्याच्या खाली सरकवायचे.

सव्वीस जानेवारीला साहेब झेंडावंदनाला आले. झेंडा झाला, मुलांचं गाणं झालं. मग त्यांनी खिशातून कागद काढला. मला न सांगता त्यांनी माझ्याच तक्त्यावरून एक बक्षीस काढलं होतं, तीन वर्षांतल्या उत्तम हजेरीचं. त्यांनी मोठ्याने तिचं नाव पुकारलं.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. साहेबांनी पुन्हा पुकारलं. तेवढ्यात पटांगणाच्या कडेला बसलेला आजा उठला. काठी टेकत, लोकांच्या खांद्यांना हात लावत पुढे आला. साहेबांनी त्याच्या हातात कंपासपेटी ठेवली. त्याने ती चाचपली, मग मी उभी होते त्या बाजूला तोंड केलं. चेहरा इतका उजळला होता.

"लिवलं का बाई नाव? मंग जाऊन आनू का तिला?"

मला वाटतं त्या क्षणापर्यंत मी गप्प राहिले असते. माझी तेवढीच कुवत होती. पण त्याला मी नाही म्हणू शकले नाही.

"आणा, बाबा," मी म्हणाले. मग साहेबांकडे वळून सगळ्यांसमोर सांगितलं, की ती मुलगी इथे नाही, तीन वर्षं ह्या महिन्यांत ती इथे नव्हती, रेघा मी मारल्या. गुरुजी मान खाली घालून उभे होते. त्यांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, असं मी म्हणाले. तेवढं एक खोटं पुन्हा बोलले.

चौकशी झाली, दोन वेतनवाढी बंद झाल्या, शेरा बसला. साहेब माझ्याशी पुढे कधी धड बोलले नाहीत, पण त्या दिवशी निघताना एवढं म्हणाले होते, "आली तर जेवायला बसवा तिला. कागदाचं मी बघतो."

पाचव्या दिवशी ती आली. आजाने विचारत विचारत तीन बागा पालथ्या घालून तिला शोधून आणलं होतं. ती उंच झाली होती, बोटांवर द्राक्षाच्या औषधाचे डाग होते, आणि कंपासपेटी तिने छातीशी धरली होती. तिच्या जुन्या जागेवर जाऊन बसली. मी नेहमीसारखी हजेरी घ्यायला लागले. तिचं नाव उच्चारलं, मान खाली ठेवूनच रेघ मारली, आणि पुढचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

"बाई," ती म्हणाली, "मी हजर म्हनायच्या आधीच रेघ मारली तुमी."