पाहुणे बाहेर

सोफे शिवणाऱ्या माणसाला खाऱ्या पाण्यातलं काय कळणार? पण दादाला झटका आला आणि त्याची माशांची टाकी धाकट्याच्या गळ्यात पडली. त्याला घरीदारी सगळे धाकटाच म्हणत, पंचावन्नी उलटली तरी. गाळ्यावरची गिऱ्हाइकंसुद्धा "धाकटे आहेत का?" असंच विचारत येत.

दादा त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा. जन्मभर कचेरीत नकाशे काढले, निवृत्त झाला आणि सहा वर्षांपूर्वी बाहेरच्या खोलीत चार फुटी काचेची टाकी मांडून बसला. नुसते मासे नव्हेत, आत अख्खा समुद्र. दगडांवर जिवंत पोवळी, कुणी छत्रीसारखं, कुणी वाऱ्यावर हलणाऱ्या बोटांसारखं. एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी, दोन केशरी मासे आणि एक लिंबासारखा पिवळा. वहिनी म्हणायच्या, "ह्यांनी माझ्याकडे इतकं पाहिलं असतं तर मी रोज नवी साडी नेसले असते."

झटक्याने दादाची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. अगदीच गेलं असतं तर एक वेळ बरं, पण सहा-सात शब्द उरले आणि तेही भलत्याच जागी उगवायचे. चहा हवा असला की "खिडकी" म्हणायचा. "हो" तर हो ला पण आणि नाही ला पण. वाचा सुधारायला येणाऱ्या बाईंनी बजावून ठेवलं होतं, "त्यांना सगळं समजतंय. पण तोंडातून शब्द कुठला निघेल ते त्यांच्या हातात नाही. शब्दशः धरू नका."

धाकटा रोज सकाळी गाळा उघडण्याआधी दादाकडे यायचा. उडालेल्या पाण्याइतकं साधं शुद्ध पाणी घालायचं, काच पुसायची, एका छोट्या दुर्बिणीसारख्या नळीत दोन थेंब टाकून खारटपणा बघायचा. दादाची वही होती, पण त्यात नकाशेवाल्याच्या बारीक अक्षरात नुसते आकडे. कशाचे, ते दादालाच ठाऊक, आणि दादा "खिडकी" म्हणणार. समोर खुर्चीत बसून तो धाकट्याचे हात बघत राहायचा. धाकट्याला शाळेतल्यासारखं वाटायचं.

दोन महिने असे गेले. दादाचा चेहरा उतरत चाललाय असं धाकट्याला वाटायला लागलं. घरात काहीतरी नवं यायला हवं, म्हणून एका सकाळी त्याने बस स्टँडजवळच्या दुकानातून एक निळा मासा आणला. असा निळा की कापडात मिळत नाही. दुकानदार म्हणाला होता, "एकदम तब्येतीत आहे, बिनधास्त सोडा." धाकट्याने पिशवी थोडा वेळ टाकीत तरंगत ठेवली आणि मग मासा पिशवीतल्या पाण्यासकट आत ओतला.

त्या वेळी समोरच्या घरातलं नवरा-बायकोचं जोडपं दादाला बघायला आलं होतं. निळा मासा आत गेला मात्र, दादा डाव्या हाताने खुर्चीवर दणके मारायला लागला. चेहरा लालबुंद. आणि अगदी स्वच्छ शब्दांत म्हणाला, "पाहुणे. बाहेर."

जोडपं चहा अर्धा टाकून उठलं. वहिनी दारापर्यंत जाऊन माफी मागून आल्या.

"भावजी, ह्यांना माणसं नकोशी झालीत का हो?"

"झटक्यानंतर होतं म्हणे असं," धाकटा म्हणाला. त्याला काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "पाहुणे बाहेर." त्या दिवशी घरात पाहुणं कुणी नव्हतंच. वहिनींनी तरी धाकट्याकडे पाहिलं आणि धाकटा ओशाळून चपला घालून निघाला. त्या आठवड्यात दादाची विहीण आली, तिलाही दारातूनच वाटेला लावावं लागलं. ती जी रुसली ती रुसली. वाचावाल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "पाहुणे म्हणजे औषधही असू शकेल, पंखाही असू शकेल." मग घरात खेळच सुरू झाला. पंखा बंद करून बघितला, खिडकी लावून बघितली, गोळ्यांचा डबा हलवला. दादा कशालाही "हो" म्हणायचा आणि पुन्हा टाकीकडे बोट करायचा. टाकीकडे तर तो दिवसभरच बोट करायचा.

दहाव्या दिवशी धाकट्याला निळ्याच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले. मिठाच्या कणाएवढे. पिवळा दगडाला अंग घासत होता. धाकट्याने आपल्या परीने विचार केला: पाणी खारं, ठिपके मिठासारखे, तेव्हा मीठच जास्त झालं असणार. त्याने नळीतून पाहिलं, आकडा नेहमीचाच होता. तरी त्याने तांब्याभर साधं पाणी जास्त ओतलं. दोन दिवसांनी ठिपके खरंच नाहीसे झाले. त्याची छाती फुगली. आणखी चार दिवसांनी ते परत आले, तिप्पट, आणि केशरी माशांवरसुद्धा. आता हे मीठ नव्हतं, मग होतं काय?

बस स्टँडवाल्या दुकानदाराने एक निळी बाटली दिली. "रोज वीस थेंब, आठवड्यात साफ."

धाकटा बाटली घेऊन टाकीपाशी आला, बूच उघडलं आणि दादा उठला. झटक्यानंतर तो आधाराशिवाय एकदाही उठला नव्हता. दोन पावलं कशीबशी आला आणि डाव्या हाताने असा फटका मारला की बाटली फरशीवर पडून फुटली. धाकट्याने त्याला सावरलं, खुर्चीत बसवलं, आणि मग त्याचा स्वतःचाच तोल सुटला.

"तुझ्यासाठीच मरतोय ना मी इथे? गाळा उशिरा उघडतो, गिऱ्हाइकांची बोलणी खातो. काय चुकतंय ते तरी सांग."

सांग, असं तो दादाला म्हणाला. तोंडातून निघाल्यावर त्याला कळलं. दादाने मान खाली घातली. वहिनी काचा वेचायला लागल्या.

बाटलीचं खोकं तेवढं शाबूत होतं. ते खिशात घालून धाकटा, दादा पूर्वी जिथून मासे आणायचा, त्या दुकानात गेला. दुकान लांब होतं, म्हणून आजवर टाळलं होतं. दादाचा भाऊ म्हणून ओळख दिल्यावर तिथल्या बाईंनी नाकावरचा चष्मा कपाळावर चढवून खोकं वाचलं.

"हे टाकलं नाहीत ना टाकीत?"

"टाकू दिलं नाही."

"नशीब. यात तांबं आहे. मासे वाचतात यानं, पण कोळंबी आणि पोवळी मेली असती. दगड-वाळूत मुरलं की वर्षभर सुटत नाही."

"म्हणजे औषध बरोबर आहे की चूक?"

"बरोबर आहे. जागा चूक आहे."

धाकट्याने खुर्ची ओढून घेतली. बाईंनी सावकाश सांगितलं. हे ठिपके म्हणजे किडा. माशाच्या अंगावर पोसतो, पोट भरलं की गळून वाळूत जातो. म्हणून मध्ये मासा बरा झाल्यासारखा दिसतो. वाळूत एकाचे शेकडो होतात आणि पुन्हा मासे शोधत निघतात. मासाच सापडला नाही तर उपाशी मरतात. तेव्हा सगळे मासे बाहेर काढून वेगळ्या टाकीत ठेवायचे, औषध तिथे रोज पाणी तपासून द्यायचं, आणि मोठी टाकी अकरा आठवडे माशांवाचून ठेवायची.

"पण पुढच्या वेळी एवढी वेळच येऊ देऊ नका. नवा मासा कितीही धडधाकट दिसू दे, आधी महिना-दीड महिना वेगळा ठेवायचा. दुकानातलं पाणी टाकीत ओतायचं नाही. पोवळं आणलं तरी त्याच्या दगडाला चिकटून किडा येतो, म्हणून तेही आधी वेगळंच. तुमचे बंधू तर याबाबतीत फार कडक. इथून नेलेलं काहीच मोठ्या टाकीत थेट सोडायचे नाहीत. गॅलरीत छोटी टाकी होती ना त्यांची?"

"गॅलरीत?"

गॅलरीत काचेची एक पेटी होती खरी. वहिनी तिच्यात कांदे ठेवत.

धाकटा परत आला तो थेट दादापुढे उकिडवा बसला. "दादा, पाहुणे म्हणजे हा निळा? बाहेर म्हणजे गॅलरीत?"

"हो," दादा म्हणाला.

धाकट्याचा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात वहिनी मागून म्हणाल्या, "आता उलटं विचारा."

"पाहुणे म्हणजे समोरच्या घरातले?"

"हो," दादा म्हणाला, तितक्याच ठामपणे. डोळ्यांत पाणी होतं. ते सुटकेचं की वैतागाचं, हे दोघांनाही कळलं नाही.

मासे पकडायला पूर्ण रविवार गेला. अर्धे दगड बाहेर काढावे लागले. पेटी धुऊन त्यात खारं पाणी, गरम ठेवणारी कांडी, हवेचा पंप आणि लपायला नळाच्या पाइपचे तुकडे. निळा तिसऱ्या दिवशी गेला. धाकट्याने त्याला कागदात गुंडाळलं आणि बराच वेळ हातात धरून उभा राहिला. आणला त्यानेच होता. बाकीचे तिघे तगले.

मासे धरायच्या जाळ्या दोन केल्या. आजारी टाकीच्या जाळीच्या दांड्याला सोफ्याच्या कडेला शिवायची उरलेली लाल पायपिंगची दोरी गुंडाळली, म्हणजे चूक नको. आधी मोठ्या टाकीचं काम, मग आजाऱ्यांचं, मग हात धुऊन कोरडे. आणि तरीही चाळिसाव्या दिवशी व्हायचं ते झालं. गाळ्यावरून फोन आला, तीन माणसांचा सोफा चुकीच्या कापडात शिवला गेला होता. फोन ठेवून धाकट्याने आजाऱ्यांच्या पाण्यातला ओला हात मोठ्या टाकीत घातला, एक कललेलं पोवळं सरळ केलं आणि मग त्याला आठवलं, हात धुतलाच नव्हता.

त्याने दुकानातल्या बाईंना विचारलं. "तोवर औषध होऊन गेलंय, बहुतेक काही होणार नाही," त्या म्हणाल्या. "पण मी असते तर पुन्हा एकपासून मोजलं असतं."

"नक्की सांगा ना."

"नक्की कुणीच सांगू शकत नाही."

त्याने एकपासून मोजलं. वहिनी म्हणाल्या, "एका ओल्या हातापायी चाळीस दिवस?" कित्येकदा त्यालाही वाटे की आपण उगाच करतोय. रिकाम्या टाकीसमोर दादा तसाच बसून असायचा. शेजारी बसून बसून धाकट्यालाही दिसायला लागलं की टाकी रिकामी नाहीच. दगडाच्या फटीतून पिसासारखं काहीतरी बाहेर यायचं आणि सावली पडली की आत ओढलं जायचं. कोळंबीने एकदा कात टाकली. ती मेली समजून धाकट्याने वहिनींना हाक मारली, आणि तेवढ्यात खरी कोळंबी मागून चालत आली. दादा हसला. तोंड एकाच बाजूने उघडलं, पण हसला.

दुसऱ्यांदा मोजलेले अकरा आठवडे संपले तेव्हा तिघेही मासे धडधाकट होते. धाकट्याने एकेकाला अलगद मोठ्या टाकीत सोडलं. पिवळ्याने दगडांना एक फेरी घातली. दादा पुढे झुकला आणि म्हणाला, "चप्पल."

वहिनी उठून चप्पल घेऊन आल्या. दादाने मान हलवली, टाकीकडे बघितलं आणि पुन्हा समाधानाने म्हणाला, "चप्पल."

"असू दे, वहिनी," धाकटा म्हणाला.

पुढच्या महिन्यात त्याने बाईंच्या दुकानातून एक छोटा जांभळा मासा आणला. पिशवी घेऊन तो सरळ गॅलरीत गेला. दादाने यावेळी खुर्चीवर दणके मारले नाहीत, शब्दही काढला नाही. मात्र दोन दिवसांनी त्याने डाव्या हाताने खूण करून खुर्ची गॅलरीच्या दाराशी सरकवून घेतली. आता तो तिथेच बसतो. एका बाजूला मोठी टाकी, दुसऱ्या बाजूला जांभळ्याची पेटी, आणि तो नेमकं कुणाकडे बघतोय ते धाकट्याला अजून ओळखता येत नाही.