मे महिन्यातला हीटर

तुमच्या आजोबांचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं गाडीबद्दल होतं. ऑक्सिजनचा मास्क त्यांनी दोन बोटांनी खाली ओढला, मी जवळ वाकले, आणि ते म्हणाले, "कूलंट बघ. साधं पाणी ओतू नकोस." मास्क परत वर. मी खुर्चीत बसून राहिले, आणखी काही येईल म्हणून... आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. तव्यावरची पोळी उतरवली, गॅस बंद केला आणि रडले. पण नंतर आमच्या आदर्श नगरच्या घरी जो येई तो म्हणे, "डॉक्टर साहब बड़े शांत आदमी थे," आणि चहा पुढे करताना माझ्या मनात येई, तुम्ही त्यांच्याबरोबर कधी गाडी दुरुस्त केलेली नाही.

ईरा, कबीर, "मोठे सर्जन, देवमाणूस" असे आजोबांबद्दलचे संदेश तुम्ही टोरांटोत बसून वाचले असतील. सर्जन मोठे होते. दुसऱ्या शब्दाबद्दल मी लिहिते आहे. तुमचे बाबा हे वाचून दाखवतील. मध्येच अडखळले तर समजा की काहीतरी गाळताहेत, आणि त्यांना मागे जाऊन वाचायला लावा.

आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, आजोबा स्वतः बदलत. मेकॅनिकला बॉनेट उघडू देत नसत. नवीन कूलंट भरताना नळ्यांमध्ये हवा अडकते, आणि हवा अडकली की कूलंट नीट फिरत नाही, इंजिन तापतं. ती हवा काढायची म्हणजे इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं, नरसाळ्याने सावकाश भरायचं, मग इंजिन चालू करून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत भरत राहायचं. आणि तेवढा वेळ गाडीतला हीटर पूर्ण गरम करून ठेवायचा. हीटरमधूनही तेच कूलंट फिरतं. त्याची वाट बंद असेल तर हवा तिथेच दडून बसते. तेव्हा आत एक माणूस लागतं. ते माणूस मी. आजोबांना रजा मिळे मे महिन्यात. जयपूरचा मे, चालू हीटर, आणि काचा बंद, कारण "काच उघडलीस तर तुला गरम-गार कळणार नाही."

ते बाहेर कडुनिंबाखाली उभे. ऑपरेशन थिएटरमधली सवय, मागे न बघता हात पुढे करायचे. "पक्कड!" मी उतरून पक्कड द्यायची, परत आत बसायचं. "रेस दे. अगं हळू! कोणाला तरी गाठायचंय का?" मग दर थोड्या वेळाने तोच प्रश्न, "गरम येतंय का?" मी म्हणायचे, "गार येतंय." म्हणजे हवा अजून अडकलेली. सगळ्या खटाटोपात खरी खबर माझ्या तोंडावर येणाऱ्या वाऱ्यातून कळत होती, पण कॉलनीत सांगताना ते म्हणत, "मला नुसत्या आवाजावरून समजतं."

माझे पाय ॲक्सिलरेटरला पुरत नसत. सीट पुढे घेते म्हटलं की, "हात लावू नकोस, माझी सेट आहे." मी टोकावर बसून पायाच्या अंगठ्याने रेस देत असे. एकदा मला मी शिकवायचे त्या कॉलेजात अर्थशास्त्रावर बोलायचं होतं, पाहुण्या बाहेरून आल्या होत्या. "दहा मिनिटं बस, मग सोडतो तुला." मी उशिरा पोचले, तेही साडी पाठीला चिकटलेल्या अवस्थेत. मी गाडीतून उतरताना त्यांनी एवढंच सांगितलं, "बघ, तापमानाचा काटा बरोबर मध्यावर आहे." माझ्याकडे लायसन्स होतं. तरी आयुष्यात ड्रायव्हरच्या जागेवर मी जास्तीत जास्त बसले ती उभ्या गाडीत. बगरूला जाऊन ठसेकाम करणाऱ्यांकडे चादरी बघायच्या होत्या, कितीदा म्हटलं. "कापड बघायला एवढ्या लांब?" संपला विषय.

तेरावा झाला आणि त्यांचे धाकटे भाऊ, मुरलीपुऱ्यात राहणारे तुमचे दिलीप आजोबा, उत्साहाने कामाला लागले. दादाची आठवण म्हणून त्यांनी गाडीचं कूलंट बदललं. चार दिवसांनी पाहुण्यांना स्टेशनवर सोडताना काटा लालमध्ये गेला. घाम पुसत येऊन म्हणाले, "वहिनी, हेड गास्केट गेलं. हिच्यात आता दम नाही. गिऱ्हाईक आहे माझ्या ओळखीचं. आणि गाडी नाही म्हटल्यावर तुम्ही इथे एकट्या तरी काय करणार? आमच्याकडे वरची खोली रिकामीच आहे." तुमच्या बाबांनी फोनवर लगेच हो म्हटलं. म्हणजे आधी गाडी, मागोमाग घर, मग मी वरच्या खोलीत. सगळं ठरलेलं होतं, मला फक्त चहा करायचा होता.

मी विचारलं, "भाऊजी, भरताना हीटर चालू होता?"

"हीटर? मे महिन्यात? वहिनी, ऊन लागलं का तुम्हाला?"

मी किल्ली घेतली, गाडी चालू केली. डॅशबोर्डच्या मागे गुडगुड. हीटरची कळ गरमवर फिरवली, गार वारा. इंजिन निवू दिलं, आणि दुपारी भाऊजींना ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. "काचा वर. हीटर पूर्ण."

"मतलब... किती वेळ?"

"मी सांगेन."

नरसाळं घेऊन मी बाहेर उभी राहिले. रेडिएटरमधून बुडबुडे यायला लागले. मागे न बघता हात पुढे केला. "पक्कड." भाऊजी उतरले, दिली, परत बसले. "रेस द्या. हळू. गरम येतंय का?"

"गार!... वहिनी, मी मरतो इथे!"

"दादाची आठवण म्हणालात ना? बसा."

गास्केट, म्हणजे इंजिनच्या सांध्यातली पट्टी, गेलं असतं तर इंजिनातला वायू कूलंटमध्ये येत राहिला असता, बुडबुडे थांबलेच नसते. ते विरळ झाले, थांबले. कूलंट एकदम खाली बसलं, मी वरून भरलं. आतून भाऊजी ओरडले, "गरम! गरम येतंय! भट्टी आहे ही!" पंखा सुरू झाला. काटा मध्यावर. झाकण लावलं, आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की कडुनिंबाखाली चांगली गार झुळूक येते. इतकी वर्षं तुमचे आजोबा तिथे उभे होते. त्यांना माहीत होतं...

गिऱ्हाईक परत गेलं. भाऊजी हल्ली येताना आधी फोन करतात. मी एसी लावून बगरूला जाऊन आले, तुमच्यासाठी दोन चादरी घेतल्या, निळी कबीरची. निघण्यापूर्वी सीट पुढे ओढायला गेले तर हलेना. आजोबांच्या पायाच्या मापाला ती गंजून बसली होती. रुळांत तेल सोडलं, दोन्ही हातांनी ओढली, करकरत पुढे आली. पुढल्या वर्षी तुमचे बाबा येतील, त्यांचे गुडघे स्टिअरिंगला लागतील. त्यांना सांगून ठेवा, सीटला हात लावायचा नाही.